दात कोरून पोट नाही भरत, हिरड्या मात्र वाचतात

दात आणि हिरड्यांबद्दल प्रश्न मागवले होते, त्यातल्या बऱ्याच पत्रांत एकच मागणी, डॉक्टरताई काहीतरी नैसर्गिक सांगा, केमिकलवालं नको. माझं नैसर्गिकशी काही भांडण नाहीये. पण लिंबू नैसर्गिक आहे, कोळसा नैसर्गिक आहे आणि तंबाखू तर झाडाचं पानच, म्हणून ते सगळं दातांना मानवतंच असं थोडंच आहे. तेव्हा एकेक घेऊया.

प्रश्न: ब्रश केला की उजव्या बाजूने रक्त येतं, थुंकलं की बेसिनमध्ये गुलाबी पाणी. घाबरून त्या बाजूने ब्रश करणंच सोडलं आणि मिठाच्या पाण्याने चुळा भरतोय. दीड महिना झाला तरी थांबत नाहीये. हिरड्या मजबूत होतील असं घरगुती काही आहे का?

दादा, सगळं उलटं झालंय. रक्त येतंय म्हणून तुम्ही ब्रश सोडला आणि आता ब्रश सोडला म्हणून रक्त येतंय. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे एक मऊ पांढरट थर बसतो, प्लाक म्हणतात त्याला. लोकांना वाटतं ते अडकलेलं अन्न आहे, पण ती बॅक्टेरियांची जिवंत वस्ती असते, दाताला चिकटून बसलेली. बघायचीच असेल तर खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, अगदी हिरडीला लागून, नखाने हळूच खरवडून बघा. नखावर लोण्यासारखं काहीतरी आलं की वास घ्या, नकोसं वाटेल पण एकदा घ्याच, म्हणजे मी ब्रश सोडू नका म्हणून एवढी का ओरडतेय ते कळेल. या वस्तीशी हिरडी लढते, लढायचं म्हणजे तिथे जास्त रक्त धावून येतं, मग ती लालबुंद, फुगलेली, मऊ होते आणि ब्रश नुसता टेकला तरी रक्त. म्हणजे हिरडी कमजोर नाहीये, सुजलीये.

याचा एक झकास प्रयोग झालेला आहे, १९६५ सालचा, हॅराल्ड लो नावाच्या दंतसंशोधकाचा, डेन्मार्कमध्ये. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना सांगितलं की दात साफ करणं बंद करा. बस्स, एवढंच. १० ते २१ दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. मग परत दात घासायला लावले आणि आठवड्या-दहा दिवसांत हिरड्या पूर्ववत, ना औषध ना गोळी. हिरड्यांच्या साध्या सुजेवर यापेक्षा नैसर्गिक उपाय मला तरी माहीत नाही.

मिठाच्या पाण्याचं म्हणाल तर खुशाल करा, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, सूज जरा बसते, बरं वाटतं. पण ताटावर वाळलेलं खरकटं नुसतं पाणी ओतून निघतं का? घासावंच लागतं, तसंच हे.

घासायचं कसं तेही सांगते, कारण इथेच गडबड होते. ब्रश मऊ घ्या. त्याचे केस अर्धे दातावर अर्धे हिरडीच्या काठावर, आणि हिरडीच्या दिशेने तिरके, साधारण ४५ अंशांत टेकवायचे, मग जागच्या जागी बारीकसं थरथरवल्यासारखं करायचं, दोन-दोन दात घेत पुढे सरकायचं. करवतीसारखं आडवं घासायचं नाही. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि त्यातलं रात्रीचं काही झालं तरी चुकवायचं नाही.

आता जे कुणीच करत नाही ते. दाताला पाच बाजू असतात आणि ब्रश पोचतो तीनच बाजूंना, पुढची, मागची आणि चावायची. दोन दातांच्या मधल्या ज्या दोन राहतात, हिरड्यांचं दुखणं बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ते खरंच आहे, पण इथे पोट भरायचंच नाहीये. टाचणी, सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी असलं काही नको, त्याने हिरडी फाटते. दोरा मिळतो फ्लॉस म्हणून, तो फटीत हळूच उतरवून एका दाताला मिठी मारल्यासारखा गुंडाळायचा आणि खाली-वर करायचा, मग शेजारच्या दाताला तसंच. फटी मोठ्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसावं असा इंटरडेंटल ब्रश असतो, तो जास्त सोपा पडतो. पहिला आठवडाभर रक्त जास्त येईल. येऊ दे. तुम्ही जिथे कित्येक दिवस गेलाच नव्हता तिथे गेलात म्हणून येतंय.

दोन आठवडे हे इमानदारीत करूनही थांबलं नाही, तर दाखवून या. कारण तोच प्लाकचा थर न काढता राहिला तर लाळेतल्या खनिजांनी दगडासारखा होतो, त्याला टार्टर म्हणतात, जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे फिरवलं तर खरखरीत लागतं ना, ते. लाळग्रंथींचं तोंड तिथेच उघडतं म्हणून तिथे जास्त जमतं. टार्टर ब्रशने, मंजनाने, कशानेही घरी निघत नाही, क्लीनिंग करावं लागतं. आणि क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात हे जे घरोघरी सांगतात ना, त्यात दात आधीच सैल झालेले असतात, हाड झिजलेलं असतं, त्या दगडाने नुसतं धरून ठेवलेलं असतं, तो काढला की खरी परिस्थिती दिसते आणि नाव डॉक्टरचं खराब होतं. हिरडी आणि दातामधली फट १ ते ३ मिलीमीटर असली तर ठीक, त्याहून खोल व्हायला लागली की आत हाड झिजत असतं. सूज उतरते, पण गेलेलं हाड आपोआप परत येत नाही, म्हणून एवढी घाई करतेय.

सिगारेट ओढत असाल तर एक लक्षात ठेवा, तिने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात त्यामुळे रक्त कमी येतं आणि आत दुखणं वाढत असतानाही बाहेरून सगळं छान दिसतं. आणि डायबेटिस असेल तर साखर आणि हिरड्या दोन्ही एकदम सांभाळा, एक बिघडलं की दुसरं बिघडतं.

प्रश्न: व्हिटॅमिन सी कमी पडल्याने हिरड्यातून रक्त येतं असं वाचलं. गोळ्या सुरू करू का?

वाचलंत ते खोटं नाही, पण ती स्कर्व्हीची गोष्ट, म्हणजे व्हिटॅमिन सी फारच कमी पडलं की होणाऱ्या आजाराची. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या खलाशांवर वेगवेगळे उपाय करून बघितले, योगायोगाने तेही १२ जणंच, आणि ज्या दोघांना संत्री-लिंबं खायला दिली ते भराभर बरे झाले. पण ही माणसं महिनोन् महिने ताज्या फळा-भाजीशिवाय समुद्रावर होती. तुम्ही रोज थोडी तरी फळं-भाज्या खात असाल तर तुमच्या रक्ताचं कारण बहुधा प्लाकच. गोळ्यांपेक्षा दोरा आणा.

प्रश्न: दात पांढरे व्हावेत म्हणून लिंबू आणि मीठ चोळते, अधूनमधून कोळशाची पावडर. आधी छान चमक आली, आता गार पाणी लागलं तरी कळ जाते. असं का?

ताई, आधी ते बंद करा, मग पुढचं वाचा.

आंबट खाल्लं की दात आंबतात म्हणतो ना आपण, तो शब्द मला फार आवडतो कारण होतं अगदी तेच. दातावरचं एनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, ९६ टक्के नुसती खनिजं. पण तोंडातला पीएच, म्हणजे आम्ल मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच आहे २ ते २.५ च्या आसपास. म्हणजे आधी लिंबाने वरचा थर मऊ केला आणि त्यावर मिठाचे खडे चोळले. ती चमक म्हणजे डाग निघाल्याची कमी आणि थर निघाल्याची जास्त. कोळशाचंही तसंच, डागांबरोबर एनॅमलही खरवडतो. खालचा डेंटिन असतो तो मुळातच पिवळसर, त्यामुळे एनॅमल जितकं पातळ तितका दात पिवळा दिसतो, आणि मग माणूस अजून जोरात घासतो. डेंटिनमध्ये बारीक नळ्या असतात थेट आतल्या नसेच्या दिशेने, त्या उघड्या पडल्या की गार पाण्याची कळ. एनॅमल परत उगवत नाही, त्यात जिवंत पेशीच नसतात.

शिवशिवणाऱ्या दातांसाठी पेस्ट मिळते ती रोज वापरा, काही आठवड्यांत फरक पडतो. लिंबू खा की, पोटात जाऊ दे, दातावर चोळू नका. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, आधी पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ दे. आणि दात मुळात दुधासारखे पांढरेशुभ्र नसतातच हो, फोटोतले सोडून द्या.

प्रश्न: तेलाच्या गुळण्या?

नुकसान नाही, चमत्कारही नाही. काही छोट्या अभ्यासांत प्लाक थोडा कमी झालेला दिसलाय. पंधरा-वीस मिनिटं तेल तोंडात घोळवायचा पेशन्स असेल तर करा, पण त्यातली दोन मिनिटं आधी ब्रशला द्या. गिळू नका, बेसिनमध्ये थुंकू नका, पाइप तुंबतो. लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्यांना अजिबात नको, तेल फुप्फुसात गेलं तर भलतंच होऊन बसेल.

प्रश्न: दाढ ठणकते तेव्हा लवंग धरली की थांबतं. मग डॉक्टरकडे जायची गरज आहे का?

लवंगेत युजेनॉल असतं आणि ते खरंच काम करतं, बधिर करतं, जंतूंनाही थोडं आवरतं, आमच्या दवाखान्यात झिंक ऑक्साइडबरोबर कालवून टेम्पररी फिलिंगला हेच वापरतात. त्यामुळे रात्री अकरा वाजता ठणका लागला तर लवंग दाढेखाली धरा, काही हरकत नाही. फक्त तेल असेल तर नुसतं ओतू नका, हिरडी भाजते, दुसऱ्या साध्या तेलात एखादा थेंब मिसळून कापसाच्या बोळ्याने लावा. लहान मुलांना लावू नका.

पण लवंगेने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. आणि ठणका अचानक आपोआप थांबला तर खूश व्हायचं कारण नाही, बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि मग काही दिवसांनी गाल सुजवून माणूस येतो. सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी जायचं. हो, आणि डोकेदुखीची गोळी हिरडीवर दाबून ठेवणारे महाभाग असतात, मी बघितलेत, गोळीच्या आकाराचा पांढरा भाजल्याचा डाग घेऊन येतात. अ‍ॅस्पिरिन आम्ल आहे, गोळी पोटात घ्यायची असते.

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा आहे. फ्लोराइड नसलेली हर्बल पेस्ट देतो, फ्लोराइड विषारी असतं ना?

फ्लोराइड पाण्यात, मातीत नैसर्गिकरीत्या असतंच. जास्त झालं तर दातांवर डाग पडतात, हाडांनाही त्रास होतो, म्हणून तर पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलीग्रॅमच्या वर नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्याच संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. म्हणजे प्रश्न मात्रेचा आहे. फ्लोराइड एनॅमलमध्ये बसलं की ते आम्लाला जास्त दाद देत नाही. चार वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि पेस्ट तुम्ही लावून द्यायची, त्याच्या हातात ट्यूब नाही. थुंकायला शिकवा पण थुंकल्यावर खळखळून चूळ नको, थोडी पेस्ट दातावर राहिली तर बरंच.

रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपत असेल तर आधी ती सवय मोडा, नाहीतर पेस्ट कुठलीही द्या, पुढचे दात जाणार. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडूनही देऊ नका, मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात.

प्रश्न: आई ६८ वर्षांची, आयुष्यभर दात उत्तम, गोड फार खात नाही. गेल्या दोन वर्षांत हिरडीलगत पाच दात किडले. तोंड कोरडं पडतं म्हणते. दातवणाची काडी सुरू करू का?

काडीने आईंचं काम होणार नाही, तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द आहे कोरडं. सगळे मला नैसर्गिक उपाय विचारतात आणि ज्याला खरं नैसर्गिक म्हणावं ती लाळ कुणाच्या लक्षातच येत नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते. काही गोड-पिठूळ खाल्लं की बॅक्टेरिया त्याचं आम्ल करतात, काही मिनिटांत पीएच खाली येतो, आणि लाळ तो अर्ध्या-एक तासात परत वर आणते, वर कॅल्शियम-फॉस्फेट देऊन एनॅमलची डागडुजीही करते. झोपेत ती जवळजवळ थांबते, रात्रीचा ब्रश चुकवू नका म्हणते ते यासाठीच. आता विचार करा, लाळ दिवसाही कमी झाली तर तिथे काय होत असेल. त्यात वयाने हिरडी खाली सरकली की मूळ उघडं पडतं, मुळावर एनॅमल नसतं, ते ५.५ पर्यंत वाटही बघत नाही, आधीच विरघळायला लागतं. म्हणून कीड हिरडीलगत.

आईंच्या गोळ्यांची यादी काढा. ब्लडप्रेशर, अ‍ॅलर्जी, डिप्रेशन, वारंवार लघवी यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारा, पर्याय असतो कधीकधी. तोंड उघडं ठेवून झोपतात का तेही बघा. दिवसभर घोट घोट साधं पाणी, कोरडं पडलं म्हणून खडीसाखर किंवा गोळ्या चघळत असतील तर तेच मुख्य कारण असू शकतं, त्याऐवजी झायलिटॉल नावाच्या गोडव्याचं बिनसाखरेचं च्युइंगगम, कवळी-बिवळी आड येत नसेल तर, चघळलं की लाळ सुटते. घरात कुत्रा असेल तर ते त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, कुत्र्याला झायलिटॉल विषासारखं आहे. जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, वार्निश म्हणतात तो, त्यांना लागेल, ते दंतवैद्य बघून ठरवतील. जाताना ती गोळ्यांची यादी बरोबर न्या, औषधांच्या पाकिटांसकट, कारण "ती छोटी पांढरी गोळी" एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही.