सुईदोरा : साध्या कपड्यावरचे भरतकाम

साध्या, बिननक्षीच्या कपड्यावर घरच्या घरी भरतकाम करणाऱ्या वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे निवडली आहेत. विचारणा बहुतेकांनी नक्षीविषयी केली असली, तरी अडचण जवळपास प्रत्येकाची कापडाशी आणि धुण्याशी निगडित आहे. तसबीर करून भिंतीवर टांगायच्या भरतकामाला हा विचार लागत नाही. अंगावर घालायच्या कपड्याला मात्र तो पहिल्या टाक्याआधीच करावा लागतो.

प्रश्न : शाळेत शिवणाच्या तासाला शिकलेले चार टाके एवढेच माझे भांडवल. त्यावर मी एका तयार पांढऱ्या सुती कुर्त्याच्या गळ्याभोवती फुलांची वेल भरली. काम बरे उतरले होते, पण पहिल्याच धुण्यानंतर वेलीच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडल्या. शिवाय निळ्या मार्किंग पेनाने काढलेल्या रेघा काही ठिकाणी तपकिरी होऊन तशाच राहिल्या आहेत. आता दुसरा कुर्ता आणला आहे. तो बिघडू नये यासाठी काय करावे? (सातारा)

उत्तर : चुण्या केव्हा दिसल्या, यावरून त्यांचे कारण ओळखता येते. रिंग (भरताना कापड ताणून धरणारी गोल चौकट) सोडताक्षणी त्या दिसल्या असत्या, तर टाका घेताना दोरा अधिक ओढला गेला असे म्हटले असते. तुमच्या चुण्या धुतल्यानंतर आल्या, म्हणजे कापड आकसले. नवे सुती कापड विणताना आणि पुढच्या प्रक्रियेत ताणलेले असते आणि पहिल्या पाण्यात तो ताण सुटतो. वेलीखालचे कापड दोऱ्याने धरून ठेवलेले असल्यामुळे ते आजूबाजूच्या कापडाइतके आकसत नाही आणि दोहोंच्या सीमेवर चुणी उभी राहते. म्हणून नवा कुर्ता रात्रभर पाण्यात भिजवून, एकदा नेहमीच्या साबणाने धुऊन, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करून घ्यावा आणि मगच त्यावर रेघ ओढावी.

तपकिरी रेघांचा दोष इस्त्रीचा आहे. पाण्याने जाणारी निळी शाई धुण्याआधी तापली की पक्की होऊन बसते. या स्तंभलेखिकेने भाचीच्या मुंजीतल्या झब्ब्यावर हाच पराक्रम केला होता आणि शेवटी त्या डागांवर चार जास्तीची पाने भरून ते झाकावे लागले. तेव्हा तुम्ही एकट्या नाही. निळी रेघ आधी साध्या गार पाण्याने पूर्ण घालवावी, साबण त्यानंतर आणि इस्त्री सर्वांत शेवटी. उष्णतेने नाहीशी होणारी पेने हल्ली लोकप्रिय आहेत, पण कडाक्याच्या थंडीत त्यांच्या रेघा पुन्हा उमटू शकतात, त्यामुळे परदेशी पाठवायच्या कपड्यावर ती वापरू नयेत. गडद कापडासाठी पिवळा कार्बन किंवा शिंप्याचा खडू पुरतो. जरीकाम करणारे कारागीर आजही ट्रेसिंग कागदावरची नक्षी सुईने टोचून काढतात आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा किंवा पांढऱ्या पुडीचा बोळा त्या भोकांवरून फिरवतात. एकच बुट्टी वीस वेळा उमटवायची असेल तर ही रीत फार सोयीची आहे, फक्त घरात वास राहतो.

दोऱ्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या वेलीचा फोटो पाहून सांगावेसे वाटते. बाजारात मिळणारी अँकरची सुती लडी 8 मीटर लांब आणि सहापदरी असते, आणि ते सहाही पदर एकदम ओवून भरण्याची चूक नवशिक्यांकडून हटकून होते. तुमच्या कुर्त्यासारख्या बारीक पोताच्या कापडाला दोन पदर पुरेत. खादीला किंवा जाड हातमागाला तीन. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत येईल एवढाच, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर दोरा कापावा, त्यातून एकेक पदर सुटा ओढून काढावा आणि हवे तेवढे पदर पुन्हा शेजारी शेजारी ठेवून ओवावेत. हा खटाटोप वेळखाऊ वाटतो, पण एकत्र ओढलेले पदर पीळ धरतात आणि दर चार टाक्यांना गुंततात. सुईच्या बाबतीत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे लक्षात ठेवावे. दोन पदरांना आठ किंवा नऊ नंबर चालतो, तीन पदरांना सात.

नक्षीची जागा कुर्ता अंगावर घालून, आरशासमोर उभे राहून ठरवावी आणि तेथे टाचण्या लावाव्यात. टेबलावर पसरलेल्या कुर्त्यावर मधोमध दिसणारे फूल अंगावर गेल्यावर भलत्याच ठिकाणी जाते. गळ्याला आतून पट्टी असेल तर टाका दोन्ही थरांतून घ्यावा, त्याने कापडाला बळ मिळते. पूर्ण अस्तर असेल तर ते मात्र टाक्यात अडकू देऊ नये, कारण दोन कापडे वेगवेगळी आकसतात. पाकळ्यांसाठी भरीव टाका (शेजारी शेजारी घेतलेल्या टाक्यांनी आकार भरून काढणारा) वापरत असाल तर तो सात-आठ मिलिमीटरपेक्षा लांब नको. त्याहून लांब टाका बांगडीत, पर्सच्या चेनमध्ये अडकतो आणि तुटतो. मोठी पाकळी मध्ये शीर सोडून दोन भागांत भरावी, किंवा तिला सरळ साखळी टाका द्यावा. रोज वापरायच्या कपड्याला साखळी, देठाचा टाका आणि काज टाका यांच्याइतका विश्वासू सोबती नाही.

प्रश्न : सासूबाईंच्या इरकलीवर बारीक कशिदा आहे. तो पुढून आणि मागून एकसारखाच दिसतो. तसाच कशिदा खादीच्या कुर्त्यावर करायला मी नक्षी कार्बनने छापून घेतली, पण भरत गेले तशी ती तिरकी झाली आणि मागची बाजू तर पाहवत नाही. (सोलापूर)

उत्तर : तुमच्या सासूबाईंच्या साडीवरचे काम म्हणजे धारवाड-हुबळी भागातली कसूती, आणि कसूती छापून भरतच नाहीत, तुमच्या अडचणीचे मूळ तेवढेच आहे. ती कापडाचे उभे-आडवे धागे मोजून भरतात. कार्बनची रेघ कागदावर कितीही सरळ असली तरी कापडाच्या धाग्याला ती क्वचितच समांतर बसते आणि दहाव्या-बाराव्या टाक्याला फरक डोळ्यांत भरतो. (कशिदा आणि कसूती हे शब्द कानाला सख्खे वाटतात, पण कशिदा फारसीतून आला आणि कसूतीची फोड कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूत’ अशी करतात.)

कसूतीचे टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा; मुर्गी हा त्याचाच पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका जाणारा प्रकार; नेगी हा विणल्यासारखा दिसणारा, लांब-आखूड धावदोऱ्यांचा टाका; आणि मेंथी म्हणजे आपली फुली, तिचे नाव मेथीदाण्यावरून आले आहे. यांपैकी गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. नेगी आणि मेंथी तशी दिसत नाहीत, त्यामुळे मागची बाजू दिसणाऱ्या ओढणीला किंवा पदराला पहिले दोन निवडावेत.

गवंतीपासूनच सुरुवात करा. सुई चार धाग्यांवरून आणि चार धाग्यांखालून अशी रेघेच्या टोकापर्यंत न्यायची. आता पुढून पाहिले तर रेघ तुटक दिसेल. मग त्याच वाटेने परत यायचे आणि जाताना सुटलेल्या जागा भरायच्या. परतीच्या वेळी सुई आधीच्याच भोकांतून गेली पाहिजे, आणि दर वेळी जुन्या टाक्याच्या एकाच अंगाने, म्हणजे सरळ रेघेला दातरे पडत नाहीत. खरी कसोटी फांदी फुटते तेथे लागते. समजा, तुळशीवृंदावन भरायचे आहे. कट्ट्याची कडा भरत जाताना मध्येच बाजूला निघणारी पणती आली, तर पणतीपर्यंत जाऊन, तेथून परत कडेवर येऊन, पणती तेव्हाच पुरी करून टाकावी आणि मग कडेने पुढे निघावे. ती परतीसाठी ठेवली तरी चालते, पण विसरली तर दोरा मागून उडी मारून न्यावा लागतो आणि सगळा डाव फसतो. म्हणून चौकटीच्या वहीत नक्षी काढून तिच्यावर बाणांनी जाण्या-येण्याची वाट आखून घ्यावी. गणिताच्या वहीचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

गाठ कोठेही मारायची नाही. सुरुवातीला बोटभर दोरा मागे मोकळा सोडावा आणि काम संपल्यावर तो त्याच टाक्यांत गुंडाळून जिरवावा. राहिला प्रश्न खादीचा. हातकताईची खादी असेल तर तिचे धागे जाड-बारीक असतात; चार उभे धागे आणि चार आडवे धागे मोजूनही चौकोन चौरस येईलच असे नाही. अशा वेळी कुर्त्यावर मॅटीसारख्या सुट्या विणीच्या कापडाचा तुकडा टाचून घ्यावा, त्याचे धागे मोजत दोन्ही कापडांतून भरावे आणि शेवटी वरच्या तुकड्याचे धागे एकेक करून ओढून काढावेत. येथे सुई वरच्या कापडाच्या धाग्यातून आरपार जाऊ देऊ नये, दोन धाग्यांमधल्या फटीतूनच न्यावी. नाहीतर धागे सुटता सुटत नाहीत.

प्रश्न : पांढऱ्या ओढणीवर लाल दोऱ्याने भरले आणि धुतल्यावर सगळीकडे गुलाबी छटा पसरली. मिठाच्या पाण्यात घातले तरी फरक नाही. (नाशिक)

उत्तर : मिठाने कच्चा रंग पक्का होत नाही आणि पक्क्याला मिठाची गरज नसते. रंग पसरलेला दिसताक्षणी कपडा वाळू न देता, मुबलक गार पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळणे हाच उपाय आहे; पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नये. एकदा वाळला आणि वर इस्त्री फिरली की आशा फारशी उरत नाही. ओढणी आता वाळली असेल तर ती फिकट गुलाबी रंगवून घ्यावी, असे आम्ही सुचवू. लाल काम त्यावर वाईट दिसणार नाही. पुढच्या वेळी लाल, काळा, गडद निळा असा कोणताही दोरा घेताना त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्याच्या घडीत ठेवावा आणि वरून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर डाग आला तर तो दोरा गडद कापडासाठी ठेवावा.

प्रश्न : मी वसतिगृहात राहतो. काळ्या टी-शर्टच्या खिशाजागी छोटा पक्षी भरायचा आहे. मित्र हसतात, तो भाग वेगळा. पण कापड ताणले जाते आणि पक्षी पसरट होतो. (पुणे)

उत्तर : जरदोजी, म्हणजे जरीचे भरतकाम, आणि काश्मीरची सोझनी, म्हणजे शालींवरचे बारीक सुईकाम, ही नाजूक कामे परंपरेने पुरुषांच्याच हातची आहेत, एवढे मित्रांना सांगावे. टी-शर्टचे कापड मागावर विणलेले नसून त्यात फास एकमेकांत गुंतवलेले असतात, म्हणून ते ताणते. रिंगमध्ये ते ढोलकीसारखे ताणून बसवले की पक्षी ताणलेल्या कापडावर भरला जातो आणि रिंग काढल्यावर कापड आपल्या जागी येताना त्याला वेडावाकडा करते. मागच्या बाजूने न ताणणाऱ्या पातळ कापडाचा किंवा बक्रमचा (कॉलरला ताठपणा देणाऱ्या कापडाचा) तुकडा टाचावा, रिंग नुसती अलगद बसवावी आणि टाके आखूड ठेवावेत. बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई मिळाली तर उत्तम, कारण तीक्ष्ण सुईने फास तुटून पुढे भोक पडते.

प्रश्न : माझे काम पाहून ओळखीच्या बायका ब्लाउज आणि कुर्ते भरून मागतात. किंमत सांगताना जीभ अडते. (नागपूर)

उत्तर : किती लड्या लागल्या यावरून किंमत लावू नका, दोरा हा या कामातला सर्वांत स्वस्त भाग आहे. ज्या टाक्यांत काम करणार, त्याच टाक्यांत पाच सेंटिमीटर चौरस नमुना घड्याळ लावून भरा. नक्षी उतरवणे, मागचे दोरे जिरवणे, धुणे आणि उलट बाजूने टॉवेलवर इस्त्री करणे हेही त्यात मोजा, कारण बहुतेक जणी नेमके हेच सोडून देतात. आलेल्या तासांना तुमच्या गावात शिवणकाम करणारी बाई तासाला जे कमावते त्याने गुणा आणि तो आकडा काम हाती घेण्याआधीच सांगा. ब्लाउजचे कापड न कापलेले मागून घ्या; गळ्याची आणि बाहीची बाह्यरेषा शिंप्याकडून त्यावर आखून आणायला सांगा, भरा, आणि मग कापायला परत द्या. शिवलेल्या ब्लाउजच्या बाहीत रिंग नीट बसत नाही, आणि तेवढ्यासाठी वेळ दीडपट लागला तर तो आकड्यात धरायला संकोच करू नका. तो पाच सेंटिमीटरचा नमुना जपून ठेवा. किंमत जास्त वाटणाऱ्या बाईंच्या हातात तो आधी सुलट आणि मग उलटा करून द्या.