ठोसेघर धबधब्याचा लाँग एक्स्पोजर फोटो: 10 सेकंद शटर ठेवलं तर पाणी नुसतं पांढरं आलंय, कसं सुधारू?

10 सेकंद शटर ठेवलंयस ना, तिथंच घोळ आहे, पावसाळ्यात ठोसेघरला पाणी एवढ्या जोरात पडतं की तेवढ्या वेळात सगळ्या धारा मिसळून पांढरा पट्टाच होणार. पाव ते एक सेकंदात खेळ, धारा सुट्या दिसतील. आयएसओ (लाईटची संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/8 ते 11, उगाच एफ/22 ला नेऊ नको शार्पनेस जातो. एनडीच्या (लाईट कमी करणारा काळसर फिल्टर) आधी सीपीएल (चमक कापणारा पोलरायझर फिल्टर) घे असं माझं मत, ओल्या कातळावरची चमक जाते, हिरवा रंग उठतो आणि वर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) लाईटपण कमी होतो. वाऱ्यानं हललेली झाडं? ट्रायपॉड न हलवता फास्ट शटरचा अजून एक फोटो काढ आणि एडिटिंगमध्ये मास्क लावून (त्यातला फक्त झाडांचा भाग घेऊन) जोड. दरवेळी लेन्स पूस बाबा, तुषार बसतातच.