परमेश्वरप्रेरित : लेख की लेखक?

विचारणा अशी आहे : मराठी बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (3:16) 'परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख' असे शब्द येतात. म्हणजे ख्रिस्ती लोक बायबल अपौरुषेय मानतात, असं म्हणता येईल का? आणि 'प्रेरित' म्हणजे शब्दच देवाचे, की फक्त विचार?

'अपौरुषेय' इथे लावू नये. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या अनुयायांच्या लेखी वेदांना कर्ताच नाही, ईश्वरसुद्धा नाही. ख्रिस्ती परंपरा बायबलाला दोन कर्ते मानते, देव आणि माणूस. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 साली लिहिणाऱ्या माणसांना 'खरे ग्रंथकर्ते' म्हटलं आणि त्याच परिच्छेदात देवाचं कर्तेपणही कायम ठेवलं.

आता 'प्रेरित'. मूळ ग्रीक शब्द 'थेओप्न्युस्तोस'. 'थेओस' म्हणजे देव, 'प्नेओ' म्हणजे फुंकणे, वाऱ्यानं वाहणे. लॅटिन भाषांतरात त्याचं 'दिविनितुस इन्स्पिराता' झालं, आणि त्यातल्या 'इन्'मुळे 'आत फुंकलेला' असा अर्थ येऊन बसला. इंग्रजीतलं 'इन्स्पिरेशन' तिथूनच आलं. प्रिन्स्टनचे धर्मशास्त्री वॉरफील्ड यांनी त्यावर हरकत घेतली : ग्रीक शब्दात 'आत' कुठेच नाही, शास्त्र हा देवाच्या मुखातून बाहेर पडलेला श्वास आहे. माणसानं आधी लिहून ठेवलं आणि देवानं मागाहून त्यात प्राण घातला, हा अर्थ त्यांना मान्य नव्हता.

ही प्रतिमा आपल्याला परकी नाही. बृहदारण्यकात ऋग्वेदादींना त्या महद्भूताचं, म्हणजे परब्रह्माचं, 'निःश्वसित' म्हटलंय, आणि सायणाचार्यांचं 'यस्य निःश्वसितं वेदाः' प्रसिद्धच आहे. मग 'ईश्वरनिःश्वसित' का म्हणू नये? धात्वर्थानं तो शब्द अचूक बसतो. पण शंकराचार्य तिथे श्वासाचा अर्थ 'विनासायास' असा लावतात, आणि ती छटा शब्दाबरोबर येते. आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, आरंभीच लूक सांगतो की सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन मी क्रमवार लिहितो आहे. त्याच्या या कष्टांना त्या शब्दात जागा उरत नाही.

'प्रेरित' मला म्हणूनच आवडतो. प्र + ईर् : हलवणे, पुढे लोटणे. 'समीर' आणि 'समीरण' याच धातूचे, म्हणजे वारा शब्दात शिल्लक आहेच. आज 'प्रेरणादायी भाषण' ऐकून ऐकून तो आपल्याला जाणवेनासा झालाय, एवढंच. पेत्राच्या दुसऱ्या पत्राला (1:21) तर हा शब्द फार शोभतो. तिथे संदेश देणाऱ्या माणसांसाठी 'फेरोमेनोइ' आलंय, म्हणजे वाहून नेले जाणारे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 27व्या अध्यायात वादळात सापडलेलं तारू वाऱ्याबरोबर वाहत जातं, तिथे क्रियापद हेच आहे.

आणि वादाची गाठ इथेच आहे. तीमथ्याच्या पत्रात श्वासाचा संबंध लेखाशी आहे, पेत्राच्या पत्रात वाहून नेली जातात ती माणसं. मराठीत आपण दोन्हीला 'प्रेरित' म्हणतो आणि फरक पुसला जातो. लेखावर भर दिला की प्रश्न अक्षरापर्यंत जातो. 1675च्या स्विस सुधारित मंडळीच्या मतपत्रानं तर हिब्रू स्वरचिन्हांनाही, निदान त्यांच्या उच्चारमूल्याला, प्रेरणेत धरलं होतं. माणसावर भर दिला की तो किती मोकळा होता, हे विचारावं लागतं. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक अथेनागोरास यानं दिलेला दाखला बासरीचा : वाजवणारा फुंकतो तसा देवाचा आत्मा संदेष्ट्यांना वापरतो. दाखला सुरेख आहे, पण बासरीला आठवण नसते. बायबलातल्या पत्रांचा एक लेखक पौल याला आहे, आणि ती अडखळतेही. करिंथच्या मंडळीला तो लिहितो की क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज मी तुमच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग त्याला स्तेफनाचं घराणं आठवतं, आणि याशिवाय आणखी कोणाचा केला असल्यास ठाऊक नाही, असं तो म्हणतो. हे सांगून लिहवून घेतलेलं वाटत नाही. शब्दन् शब्द प्रेरित मानणाऱ्यांनीही 1978च्या शिकागो जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय की देवानं लेखकांचे स्वभाव आणि शैली वापरून घेतल्या. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर 'शब्दही देवाचे' असं असलं, तरी त्याचा अर्थ श्रुतलेखन होत नाही.

मराठी वाक्याच्या रचनेकडेही पाहा : 'प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख ... उपयोगी आहे.' इथे 'प्रेरित' विशेषण आहे. 1611च्या इंग्रजी बायबलात मात्र 'सर्व शास्त्र प्रेरित आहे' असं विधान आहे. ग्रीकमध्ये 'आहे' हे क्रियापदच नाही, त्यामुळे दोन्ही वाचनं संभवतात. पण आपल्या वाचनातून 'मग प्रेरित नसलेलेही शास्त्रलेख आहेत का?' अशी शंका निघू शकते. म्हणून एवढ्या एका ओळीवरून मराठीत वाद घालताना जपून.

हिंदी बायबल शेजारी ठेवून वाचणाऱ्यांसाठी एक : तिथे 'प्रेरित' म्हणजे आपले 'प्रेषित', पेत्र-पौल वगैरे. 'प्रेरितों के काम' म्हणजे आपली 'प्रेषितांची कृत्ये'.