फॉर्म तुम्ही भरलात, शिकायचं तिने?

प्रश्न (संक्षिप्त): मुलगी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला हवेच्या प्रदूषणात एम.टेक. करायचंय. गाड्या इलेक्ट्रिक झाल्यावर धूरच उरणार नाही, मग नोकरी कोण देणार? मी डेटा सायन्सच्या कोर्सचा फॉर्म भरलाय. तिला कसं पटवू? — एक पालक, चिंचवड

उत्तर: म्हणजे निर्णय घेऊन झालाय, आता फक्त मुलीने मान डोलवायची बाकी आहे. तुमच्या पत्रात पाच सेमिस्टरचे पॉइंटर दशांशासकट आहेत. तिला हा विषय का घ्यायचाय, त्याबद्दल चकार शब्द नाही. विचारलंत तरी का? तिने कारणं दिली असतील आणि तुम्ही ती 'पोरकट' म्हणून सोडून दिली असतील, अशी मला दाट शंका आहे. पटवण्याच्या कामात मी तुम्हाला मदत करणार नाही.

आता धुराचं. वाहनांच्या उत्सर्जनाचा अंदाज म्हणजे किती गाड्या, किती किलोमीटर, दर किलोमीटरला किती ग्रॅम प्रदूषण, यांचा गुणाकार. इलेक्ट्रिक गाडीने यातला शेवटचा आकडा शून्य केला की हिशेब संपला, असं तुम्ही धरलंय. घरात ई-स्कूटर येते, पण जुनी मोटारसायकल विकली जात नाही, ती धाकट्याकडे जाते. आरटीओत दोन्हींची नोंद असते. कोणती किती धावते ते कोणीतरी शोधावं लागतं. धूर गेला तरी टायर झिजतात, रस्त्यावरची धूळ उडतेच. राज्याची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, म्हणजे चिंचवडचं थोडं ओझं चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमणीवर जातं. पुणे आणि चंद्रपूर दोन्ही शहरं 2019च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. एकाच्या खात्यातून वजा केलेलं दुसऱ्याच्या खात्यात मांडायला माणूस नको? हे काम इलेक्ट्रिक गाड्यांमुळे उलट किचकट झालंय.

एम.टेक.च्या प्रवेशासाठी 'गेट' ही परीक्षा असते, तिच्यात 2021पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे.

पगाराबाबत तुमची भीती अगदीच खोटी नाही. सरकारी जागा थोड्या, आणि कन्सल्टन्सीत सुरुवात सॉफ्टवेअरपेक्षा कमी पैशांवर होते. हे तिला स्पष्ट सांगा. संख्याशास्त्र आणि पायथन तिला इथेही लागेलच, तेव्हा तो कोर्स तिने स्वतःहून मागितला तर करू दे.

तोवर पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या 'सफर' या हवेच्या गुणवत्तेवरच्या प्रकल्पाने केलेली शहराची उत्सर्जन-यादी, म्हणजे कुठून किती प्रदूषण होतं त्याची नोंद, तिला मिळवून वाचू दे. नकाशाच्या चौकोनागणिक आकड्यांचे ते तक्ते वाचून कंटाळली, तर एम.टेक.चा विचार ती आपणहून सोडेल. नाही कंटाळली, तर फॉर्म रद्द करा. फी परत मिळण्याची मुदत आजच बघून ठेवा.