ईसीयू बदलण्याआधी

प्रश्न : भाऊ, माझी पेट्रोल गाडी पारोळ्याजवळ बंद पडली. स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही. चावी ऑन केली तरी चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनरही (गाडीतले दोष वाचणारं यंत्र) जोडला जात नाही. गॅरेजवाला म्हणतो, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला. नवा टाकू का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : दादा, इतक्यात पैसे काढू नका. ही लक्षणं ईसीयूला करंटच न पोचल्याचीही असतात. फ्यूज, मेन रिले (ईसीयूला करंट जोडणारा स्विच) आणि अर्थिंग आधी तपासा. ईसीयूच्या सॉकेटवर बल्बचा लोड देऊन व्होल्टेज मोजायला सांगा. गंजलेली अर्थ वायर नुसत्या मीटरला ठणठणीत दिसते. मग सेन्सरना जाणारे 5 व्होल्ट. एक सेन्सर शॉर्ट झाला तरी हे व्होल्टेज पडतं आणि बऱ्याच गाड्यांत अख्खा ईसीयू मेल्यासारखा वागतो. सेन्सरचे सॉकेट एकेक काढा; 5 व्होल्ट परतले की चोर सापडला. आपल्याकडे केळीच्या मळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची वायरिंग उंदीर कुरतडतात, तीही बघा.

एवढं करूनही ईसीयूच दोषी निघाला, तर उघडून फुगलेला कपॅसिटर किंवा ओलीचा हिरवा गंज शोधतात. दुरुस्ती होऊ शकते. दुसऱ्या गाडीचा जुना ईसीयू नुसता आणून बसवू नका. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चावीशी कोडिंग जुळल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही.