लाकडी पेन बनवण्याचा छंद सुरू करायचा आहे, पहिलं किट कोणतं घ्यावं?

स्लिमलाइन, म्हणजे सडपातळ पेनाचं किटच घ्या. शिकायला तेच सर्वात चांगलं. त्यात ७ मिमीच्या दोन पितळी नळ्या असतात आणि छोटा लेथही (लाकूड गोल फिरवून कापायचं यंत्र) पुरतो.

खरी कसोटी लाकडात नळीसाठी भोक पाडताना लागते. ड्रिल बिट सारखं बाहेर काढून भुसा झाडत राहा, नाहीतर लाकूड तापून तडकतं. नळी आधी पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करा, मग सुपरग्लू लावून फिरवत फिरवत आत सरकवा, म्हणजे ग्लू सगळीकडे पसरतो. लाकडाची टोकं नळीशी अगदी काटकोनात सपाट करा. इथे घाई केली तर जोडावर फट दिसतेच.

छिन्नीला कायम धार हवी. बोथट छिन्नी लाकूड कापत नाही, ओरबाडते. आणि लेथवर चेहऱ्याला शील्ड लावाच, हातमोजे मात्र अजिबात घालू नका.