फक्त पाण्यावर चालणाऱ्या, बाहेरच्या ग्रीडला न जोडलेल्या छोट्या सिस्टीमसाठी वीजबाजार कसा डिझाईन करायचा?

बाजार चालेल, पण सुरुवात तासातासाच्या लिलावापासून करू नका. ते डिझाईन औष्णिक ग्रीडवरून उचललेलं असतं, तिथे प्रत्येक प्लांटचा इंधनखर्च वेगळा असतो म्हणून स्वस्त आधी महाग नंतर अशी रांग लागते. पाण्याला इंधनखर्चच नाही, मग रांग लावणार कशाची?

पाण्याची किंमत म्हणजे तेच पाणी राखून ठेवलं असतं तर पुढे जेवढा खर्च वाचला असता तेवढी. समजा धरण अर्धं भरलंय, नवीन पाणी यायला सहा महिने आहेत, तोपर्यंत पाणी कमी पडून राखीव जनरेटरमधे डिझेल जाळावं लागायची शक्यता 20 टक्के आणि डिझेलची युनिट 30 ला पडते, तर आज टर्बाईनमधून गेलेल्या युनिटची किंमत झाली साधारण 6. मधेच जोरदार पाऊस होऊन सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की तीच किंमत शून्य. म्हणजे दर ठरतो अंदाजावर, आणि अंदाज कोणाचा तर धरण ज्याच्या हातात आहे त्याचा, जो छोट्या सिस्टीममधे बहुतेक वेळा एकटाच असतो (आइसलँडमधे एकच सरकारी कंपनी देशातली दोन तृतीयांशाहून जास्त वीज बनवते). त्याने दर चढवायचे ठरवले तर पकडणंही अवघड, कारण तो प्लांट बंद ठेवत नाही, रात्री थोडा जास्त चालवतो आणि संध्याकाळी मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा थोडा कमी, वर्षाची बेरीज तेवढीच. विचारलं की उत्तर तयार, पाणी राखून ठेवत होतो.

कंपनी तोडायची म्हणाल तर एकाच नदीवर वरच्याने सोडलेलं पाणी हेच खालच्याचं इंधन. न्यूझीलंडने 2011 मधे टेकापोची दोन पॉवरहाऊस मेरिडियन या वीज कंपनीकडून काढून जेनेसिस या दुसऱ्या कंपनीला दिली, त्याखालची मेरिडियनकडेच राहिली. तिथे बाजार मोठा आहे म्हणून जमतं, चार प्लांटच्या सिस्टीममधे मी तरी हे करणार नाही.

मी करारांपासून सुरुवात करेन. ग्राहकांना वीज विकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या बहुतेक मागणीसाठी दीर्घ मुदतीचे करार आधी करायचे, म्हणजे धरणवाल्याची बरीचशी वीज ठरलेल्या दराने आधीच विकलेली असते आणि स्पॉटचा (त्या-त्या वेळच्या बाजाराचा) दर चढवून त्याला फारसं काही मिळत नाही. मोठ्या कारखान्यांना स्वस्त दर, पण कोरड्या वर्षी कपात करायची अट करारातच. आइसलँडमधे डिसेंबर 2021 ला धरणं खाली गेली तेव्हा फिशमील (माशांची भुकटी) बनवणारे कारखाने आणि अॅल्युमिनियम स्मेल्टरची (धातू वितळवून काढणाऱ्या कारखान्यांची) वीज अशीच कमी केली होती.

टंचाईचा भुर्दंडही ज्याचा त्याच्यावर पडला पाहिजे. न्यूझीलंडमधे वीजबचतीचं अधिकृत आवाहन निघालं की वीज कंपन्यांना ग्राहकांना आठवड्यागणिक भरपाई द्यावी लागते, नाहीतर कंपनीने पाणी उधळायचं आणि लोकांनी दिवे बंद करून तिला वाचवायचं.

आणि धरणाची राखीव पातळी आधीच जाहीर करा, तिच्याखाली गेलं की स्पॉटचा दर काहीही असो डिझेल चालू. ती रेषा हंगामाच्या मधे हलवायचा अधिकार मंत्र्याला नको, कारण कोरड्या वर्षी पहिला फोन त्यासाठीच येतो.